मधल्या मुलाचा हिशेब कोण देणार?

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. दोन्ही बातम्या देशभर पसरल्या. हवामान खात्याने काय केले? आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे पाहिले, यंत्र तपासले आणि सांगितले की मुंगेशपूरचा सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता, आणि नागपूरचा आकडा बिघडलेल्या सेन्सरचा होता. विषय तिथेच मिटला. नागपूर आता ५६ अंशांचे शहर झाले, असे कोणी म्हटले नाही.

आम्हा ब्रह्मपुरीकरांना ऊन नवे नाही. एप्रिल-मे महिन्यांत देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत आमचे नाव असतेच. कोणी ४६ सांगितले तर आम्ही मान डोलावतो. ५६ सांगितले तर हसतो. असे का? कारण नेहमीचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. नेहमीचे काय हे ज्याला माहीत आहे, त्यालाच वेगळे काय हे ओळखता येते. संख्याशास्त्राचा पहिला धडा एवढाच आहे आणि तो शिकायला पदवी लागत नाही.

हा धडा मुसलमानांच्या बाबतीत मात्र सगळे जण विसरतात. बाहेरचे विसरतात, आणि आपणही विसरतो. बाहेरचा माणूस टोकाचे एखादे उदाहरण उचलतो आणि म्हणतो, हे लोक असेच. आपला माणूस दुसऱ्या टोकाचे उदाहरण उचलतो आणि म्हणतो, बघा आम्ही किती पुढे गेलो. यंत्र दोघेही तपासत नाहीत. आणि या दोन टोकांच्या मधे जी खरी कौम आहे, म्हणजे पंक्चरच्या दुकानातला, फळाच्या गाडीवरचा, भंगाराच्या गोदामातला, शिलाई मशीनवरचा माणूस आणि त्याची शाळेत जाणारी किंवा न जाणारी मुले, ती कोणाच्याच हिशेबात येत नाही. माझे भांडण दोघांशीही आहे. आधी बाहेरच्यांशी.

गेल्या वेळचे यंत्र

सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेची धर्मनिहाय आकडेवारी जाहीर झाली. पहिल्या दिवशी जो आकडा गाजला तो असा : मुसलमानांच्या वाढीचा दर ३४.५ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेला. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले, नेत्यांनी भाषणे ठोकली. मग खुलासा आला. १९८१ मध्ये आसामात जनगणना झाली नव्हती आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये झाली नव्हती. म्हणजे १९९१ च्या यादीत काश्मीरचे लाखो मुसलमान नव्हते आणि २००१ च्या यादीत ते होते. वहीत नाव नसलेला माणूस पुढच्या वहीत दिसला, की तो मधल्या दहा वर्षांत जन्मला असे धरायचे का? ही दोन राज्ये दोन्ही बाजूंनी वगळून हिशेब केला तेव्हा दर ३२.९ वरून २९.३ वर आल्याचे दिसले. वाढीचा दर चढला नव्हता, उतरला होता.

खुलासा झाला, पण ३६ हा आकडा लोकांच्या डोक्यातून गेला नाही. मुंगेशपूरचा सेन्सर दुरुस्त झाला, हा झाला नाही. पुढच्या दशकात, म्हणजे २००१ ते २०११ मध्ये, तो दर आणखी उतरून २४.६ झाला. हिंदूंचा १६.८ होता. फरक आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण तो कशाचा फरक आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती आणि हिंदू स्त्रीमागे ३.३. २०१९-२१ मध्ये हे आकडे २.३६ आणि १.९४ वर आले. मुसलमानांचा दर जवळपास निम्मा झाला, आणि दोहोंतले अंतर १.१ वरून ०.४२ वर आले. याच सर्वेक्षणात शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांचा दर, सर्व धर्मांच्या मिळून, २.८ आहे, बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांचा १.८. बिहारचा, सर्व धर्मांचा मिळून, ३ आहे. मुस्लिमबहुल जम्मू-काश्मीरचा १.४ आहे, म्हणजे केरळ आणि तामिळनाडूपेक्षाही कमी. धर्माने मुले ठरत असती, तर काश्मीर सर्वांत वर असायला हवे होते. शाळेची घंटा ज्या घरात पोचली, तिथे पाळणे कमी हलले. हे हिंदू घरात घडले, मुसलमान घरातही घडले.

चार बायकांचे तेच. याच सर्वेक्षणात नवऱ्याला आपल्याशिवाय आणखी बायको आहे असे सांगणाऱ्या मुस्लिम स्त्रिया १.९ टक्के निघाल्या, हिंदू स्त्रिया १.३ टक्के. शंभर विवाहित मुस्लिम स्त्रियांना ओळीत उभे केले तर त्यांतल्या अठ्ठ्याण्णव जणींच्या घरात दुसरी बायको नाही. पण चुटका होतो तो उरलेल्या दोघींवर, आणि लागू होतो सगळ्यांवर. मदरशांचेही तसेच. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्के मुले मदरशात जातात. उरलेली ९७ टक्के मुले कुठे आहेत, कोणत्या शाळेत आहेत, की शाळेतच नाहीत, हा खरा प्रश्न होता. चर्चा मात्र ३ टक्क्यांवरच होत राहिली. आपल्याकडच्या चर्चाही त्यावरच होत राहिल्या, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या भागात वाघ आहेत. तेंदूपत्त्याच्या आणि मोहफुलांच्या दिवसांत जंगलात गेलेली माणसे परत येत नाहीत, असे दरवर्षी घडते. तेव्हा वन विभाग काय करतो? कॅमेरे लावतो, पट्टे जुळवतो, नेमका कोणता वाघ हे ठरवतो आणि त्यालाच पकडतो. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीवर गोळी झाडली गेली, तर तीच वाघीण दोषी होती का, यावर देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. एका जनावराचा गुन्हा दुसऱ्या जनावराच्या नावावर लागू नये, एवढी काळजी आपण घेतो, आणि घ्यायलाच हवी. पण कुठल्या तरी शहरात कोणी मुसलमान गुन्हा करतो आणि ब्रह्मपुरीच्या बाजारात फळे विकणाऱ्याला दिवसभर लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. त्याचे पट्टे कोण जुळवून बघणार? वाघाला जो न्याय मिळतो, तो माणसाला मिळावा एवढीच मागणी आहे.

आता आपल्या घरात

इथपर्यंत वाचून आपली मंडळी खूश झाली असतील. आता थोडे कडू ऐका.

दरवर्षी निकाल लागला की जून-जुलैमध्ये आपल्या संस्था, अंजुमन, जमाती गुणगौरव समारंभ भरवतात. शामियाना लागतो, पाहुणे येतात, ट्रॉफ्या वाटल्या जातात. व्यासपीठावर ९४ टक्केवाली मुलगी, नीटमध्ये लागलेला मुलगा. भाषणात अब्दुल कलाम आणि अन्सार शेख. टाळ्या पडतात. मग सगळे बिर्याणी खाऊन घरी जातात, आणि कौम पुढे चालली आहे असा समज पुढच्या जूनपर्यंत पुरतो.

या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, माझा त्याला विरोध नाही. पण समारंभ म्हणजे हिशेब नव्हे. एक छोटे गणित करून दाखवतो. समजा, दहावीच्या वर्गात ११ मुले आहेत. गणितात शंभरपैकी त्यांचे गुण चढत्या क्रमाने असे : २२, २६, २८, ३१, ३३, ३५, ३६, ३८, ४०, ४१, ९८.

बेरीज ४२८. अकराने भागले की सरासरी ३८.९. पास व्हायला ३५ लागतात, म्हणजे कागदावर हा वर्ग ‘सरासरीने पास’ आहे. अहवालात लिहायला छान आकडा. आता ९८ वाला मुलगा बाजूला ठेवा. उरलेल्या दहांची बेरीज ३३०, सरासरी ३३. वर्ग नापास! एका मुलाने दहा जणांचे अपयश झाकून टाकले होते. यात त्याचा काही दोष नाही. दोष सरासरीवर विसंबून राहणाऱ्याचा आहे.

आता ओळीतल्या मधल्या मुलाकडे बघा. अकरात मधला म्हणजे सहावा. त्याला ३५ गुण आहेत. दहावीच्या मराठी पुस्तकात याला मध्यक म्हणतात, उर्दू माध्यमाच्या पुस्तकात वस्तानिया. ९८ वाला वर्गात असो वा नसो, मध्यक ३५ वरून फक्त ३४ वर येतो, सरासरी ३८.९ वरून ३३ वर कोसळते. म्हणून वर्गाची खरी तब्येत मधला मुलगा सांगतो. तो जेमतेम काठावर उभा आहे आणि त्याच्या मागे पाच जण पाण्यात आहेत.

९८ हा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा आहे, हे डोळ्यांना दिसतेच. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबायला नको, त्यासाठी साधी रीत आहे. मधल्या मुलाच्या खालच्या पाच जणांतला मधला बघा : २८. वरच्या पाच जणांतला मधला बघा : ४०. या दोहोंतले अंतर १२. वर्गाचा मधला निम्मा भाग एवढ्यात मावतो. बाराची दीडपट १८. वर ४० अधिक १८ म्हणजे ५८, आणि खाली २८ वजा १८ म्हणजे १०. या १० ते ५८ च्या कुंपणाबाहेर जो आकडा पडेल त्याला टोकाची नोंद म्हणायचे, इंग्रजी शिकलेले लोक आउटलायर म्हणतात. अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी ही कुंपणाची रीत रूढ केली. बी. एड. करताना आपण सगळे शिक्षक प्रमाण विचलनाचे सूत्र पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. या ११ मुलांचे प्रमाण विचलन १९.५ येते, ९८ वाला काढला की ५.९. म्हणजे मुले खरे तर एकमेकांच्या अगदी जवळ, सगळी खालीच गोळा झालेली आहेत, आणि एकट्या नोंदीमुळे वर्गात मोठी विविधता असल्याचा भास होतो आहे.

हाच वर्ग म्हणजे आपली कौम. सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांचे प्रमाण भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के होते. लोकसंख्येत ते १३ टक्क्यांच्या पुढे होते. महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये महमूद-उर-रहमान समिती नेमली. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने राज्यातले जवळपास ६० टक्के मुसलमान दारिद्र्यरेषेखाली असल्याचे सांगितले. त्यानंतर २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, शिक्षणापुरता तो उच्च न्यायालयातही टिकला, आणि मग त्याचा कायदा न झाल्याने तो संपला. त्या दिवसापासून आजपर्यंत आपल्या किती समारंभांत या ६० टक्क्यांवर भाषण झाले?

टोकाच्या नोंदीचे करायचे काय?

टोकाची नोंद फेकून द्यायची नसते, तिला प्रश्न विचारायचे असतात. पहिला प्रश्न : लिहिताना चूक झाली का? ३८ चे ९८ झाले का? दुसरा : हा मुलगा याच वर्गाचा आहे, की त्याचे आईवडील दोघे शिक्षक आहेत आणि तो नागपूरला शिकवणीला जातो, म्हणजे त्याची तुलना मुळात दुसऱ्याच गटाशी व्हायला हवी? तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा : नोंद खरी असेल तर हे घडले कसे, आणि तसे इतरांच्या बाबतीत का घडले नाही?

अन्सार शेख यांचेच घ्या. जालना जिल्ह्यातला हा तरुण २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत एकविसाव्या वर्षी ३६१ व्या क्रमांकाने आला. वडील रिक्षा चालवायचे. भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केले आणि घराला हातभार लावला. ही गोष्ट अन्सार यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. आपण तिच्यातला पहिला भाग ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण दुसरा भाग? त्याच घरात, त्याच आईच्या हातचे जेवून वाढलेला भाऊ शाळेबाहेर गेला. एक टोकाची नोंद आणि एक मधली नोंद, दोन्ही एकाच छपराखाली. एकाला वर चढवण्यासाठी दुसऱ्याला खाली उभे राहावे लागले. समारंभात खुर्ची एकालाच मिळते. ‘एक शिकला तर सगळे शिकू शकतात’ असे जो व्यासपीठावरून सांगतो, तो या भावाकडे पाठ फिरवून उभा असतो.

म्हणणारे म्हणतील, मुलांपुढे आदर्श नकोत का? हवेत. पण आदर्श दाखवणे आणि रस्ता बांधणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विदर्भात अनेक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा मराठी माध्यमाची, कधी दुसऱ्या गावात, एसटीच्या भरवशावर. भाषा बदलते, अंतर वाढते, आणि याच वळणावर मुली घरी बसतात, मुले गॅरेजमध्ये जातात. या मुलांना कलामांचा फोटो दाखवून उपयोग नाही. त्यांना आठवीच्या सुट्टीत मराठीची दोन महिन्यांची तयारी लागते, एसटीचा पास लागतो, आणि नववीच्या पहिल्या चाचणीनंतर घरी जाऊन बापाशी बोलणारा कोणी तरी लागतो.

आणि शंभर टक्के निकालाचे फलक! गावोगावी लागतात. कोणी विचारत नाही की शंभर टक्के म्हणजे कितीचे शंभर टक्के? पाचवीला चाळीस मुले होती, दहावीच्या परीक्षेला बारा बसली, बाराही पास झाली. हा शंभर टक्के निकाल आहे की तीस टक्के? कच्च्या मुलाला नववीत अडवले, किंवा ‘तू १७ नंबरचा फॉर्म भर’ म्हणून बाहेरून बसवले, तर तो फलकाच्या हिशेबातून जातो, जगातून जात नाही. जी नोंद वहीतच नाही, ती सर्वांत धोकादायक असते, कारण तिच्यावर कोणतीही रीत चालत नाही. १९९१ च्या वहीत काश्मीर नव्हते म्हणून आपल्यावर खोटा आकडा लादला गेला. आपल्याच वहीत आपली शाळा सोडलेली मुले नाहीत, म्हणून आपण स्वतःवर खोटा आकडा लादून घेतो.

हे सारे फक्त मुसलमानांचे नाही. आमचा चंद्रपूर जिल्हा घ्या. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न काढताना कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २९२० मेगावॉटचे वीज केंद्र, सगळ्यांचे उत्पन्न बेरजेत येते. भागाकार मात्र ब्रह्मपुरी-नागभीडच्या धान शेतकऱ्याला आणि सिंदेवाहीच्या मजुरालाही धरून होतो. कागदावर त्याच्या वाट्याला सिमेंटचा नफा येतो, ताटात येत नाही. म्हणून माझ्या बिगरमुस्लिम वाचकांनाही सांगणे आहे : सरासरीने झाकलेला माणूस तुमच्या शेजारी आहे, आणि पुष्कळदा तो तुम्हीच आहात.

‘पण आकडे बाहेर गेले तर?’

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. आपल्या मोहल्ल्यातली गळती, कर्ज, बालविवाह मोजले तर तेच आकडे आपल्याविरुद्ध वापरले जातील. भीती खोटी नाही. पण आकडे लपवल्याने आपले रक्षण कधी झाले? २००४ च्या खोट्या ३६ ला उत्तर घोषणांनी दिले नाही, २९.३ या आकड्याने दिले. मदरशांबद्दलच्या अफवेला उत्तर तीन टक्क्यांच्या आकड्याने दिले. ज्याच्याकडे स्वतःचा हिशेब नसतो, त्याचा हिशेब दुसरा लिहितो आणि मनाला येईल तसा लिहितो.

दुसरा आक्षेप येतो की कौमला वाटून दाखवू नका, आपण सगळे एक आहोत. नमाजच्या सफेत आपण एक आहोत, आणि ते मोठेच आहे. पण पिंजारी, मोमीन, कसाब, मणियार, फकीर या बिरादऱ्यांची स्थिती आणि जमीनजुमला असलेल्या घराण्यांची स्थिती एक नाही. कोकणातला आखातात कमावणारा मुसलमान, मालेगावचा यंत्रमाग कामगार आणि वैनगंगेकाठचा आमचा फेरीवाला यांची एकच सरासरी काढली तर ती तिघांपैकी कोणाचीही नसेल. फरक दिसला तरच मदत योग्य जागी जाते. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्वांची जात नोंदली जाणार आहे. जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहा असा सल्ला देणाऱ्यांना विचारा की तुम्ही कोणत्या घराण्याचे? ज्याचे काही बुडत नाही, त्यालाच हा सल्ला परवडतो.

कोणी म्हणेल, हे सगळे बाहेरचे शास्त्र आहे. अजिबात नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यासाठी मजकुरातली अक्षरे मोजण्याची रीत लिहून ठेवली : कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. वारंवारतेचा तक्ता आज आपण आठवीच्या मुलांना शिकवतो, त्याचेच हे जुने घराणे. आणि हदीसच्या इल्ममध्ये ‘शाज’ ही संज्ञा मदरशातल्या प्रत्येक तालिब-ए-इल्मला ठाऊक असते. रावी भरवशाचा असला, पण त्याची रिवायत त्याच्याहून भक्कम असलेल्या अनेकांच्या विरुद्ध गेली, तर ती शाज ठरते, ती पुरावा म्हणून चालत नाही. टोकाची नोंद ओळखण्याचा याहून जुना आणि कडक शिस्तीचा नमुना कुठे शोधायचा? खबर आणणारा आला की आधी तहकीक करा, हा तर कुराणाचा हुकूम आहे, सूरह हुजुरातमधला. ज्या उम्मतने एकेका रावीची पारख केली, त्या उम्मतची मुले व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली खबर न पाहता पुढे ढकलतात, आणि मोहल्ल्यातल्या मुलांची साधी यादी त्यांच्याकडे नसते!

एक वही करा

म्हणून माझे सांगणे साधे आहे, आणि ते अंजुमनवाल्यांना, जमातीच्या जबाबदारांना, शाळांच्या विश्वस्तांना आहे. पुढच्या समारंभाचा शामियाना एक वर्ष छोटा करा आणि एक वही आणा. मोहल्ल्यातल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीची त्यात एक ओळ. वय किती, कोणत्या इयत्तेत, कोणत्या माध्यमात, शाळा सुटली असेल तर कोणत्या इयत्तेनंतर आणि कशामुळे, पुढची शाळा किती किलोमीटरवर. हे काम बारावीच्या चार मुली दोन रविवारांत करू शकतात, आणि स्त्रियांशी बोलायचे असल्याने मुलींनीच केलेले बरे.

मग तीन गोष्टी काढा. शाळा सुटलेल्यांना इयत्तेप्रमाणे ओळीत लावा आणि मधला कुठे थांबला ते पाहा. तो आठवीवर थांबला असेल, तर तुमचे काम आठवीच्या दारात आहे, नीटच्या शिकवणीत नाही. मुलामुलींचा हिशेब वेगळा काढा, दोघांना मिसळून सरासरी काढू नका. आणि कुंपणाबाहेर जी दोन-चार नावे पडतील, वरची आणि खालचीही, त्यांच्या घरी जा. वरच्याला विचारा, तुला कोणी आणि कसे पोचवले. खालच्याला विचारा, कोणी अडवले. एक काळजी घ्या : मुले थोडी असतील तिथे नुसती टक्केवारी लिहू नका. चारांतला एक गेला तर २५ टक्के होतात, ऐकायला भयानक वाटते. चारांतला एक असेच लिहा आणि त्याचे नाव वहीत ठेवा. नाव वहीतच राहू द्या, बाहेर फक्त आकडा जाऊ द्या.

दरवर्षी ही वही पुन्हा भरा. मधला मुलगा आठवीवरून नववीवर सरकला तर कौम एक पाऊल पुढे गेली असे माना, मग त्या वर्षी तुमच्या मोहल्ल्यातून कोणी डॉक्टर झाला नाही तरी चालेल. आणि मधला तिथेच राहिला असेल, तर तीन मुले नीटमध्ये लागली तरी भाषणात ‘आपण पुढे चाललो आहोत’ असे म्हणू नका. ते खरे नसते.

समाजाची उंची त्याच्या सर्वांत उंच माणसावरून मोजतात, असे आपल्याला भाषणांनी शिकवले. त्याची बदनामी त्याच्या सर्वांत वाईट माणसावरून करतात, हे आपल्याला बातम्यांनी शिकवले. दोन्ही खोटी मापे आहेत. मधल्या मुलाला ३५ गुण आहेत, त्याच्यामागे पाच जण उभे आहेत, आणि त्या सहा जणांची यादी आज आपल्यापैकी कोणाकडेही नाही. ती आधी करू या. भाषणे नंतर.